माप कोणाच्या हातात?

गेल्या हिवाळ्यात भिवापूरजवळच्या एका मिरचीच्या सातऱ्यावर अर्धा दिवस काढण्याचा योग आला. सातरा म्हणजे काय, हे आमच्या भागाबाहेरच्या वाचकांना सांगितले पाहिजे. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत लाल मिरची वाळत पसरलेली असते आणि तिच्या कडेने ओळीने बसलेल्या बाया एकेका मिरचीचा देठ खुडून वेगळा करीत असतात. नाकातोंडावर फडके बांधलेले, बोटांची आग आग होत असलेली, आणि तरीही हात थांबत नाहीत. कारण मजुरी दिवसावर नसते, किलोवर असते. संध्याकाळी प्रत्येकीची रास काट्यावर चढते, दिवाणजी आकडा पुकारतो आणि वहीत मांडतो.

त्या दिवशी मी पाहिले ते इतकेच की, इलेक्ट्रॉनिक काट्यावरचे लाल आकडे दिवाणजीच्या बाजूला तोंड करून होते. बायांना दिसत होती ती काट्याची पाठ. शेजारी बसलेल्या एका वयस्क बाईंना मी विचारले, "मावशी, वजन बरोबर होते की नाही हे तुम्हांला कसे कळते?" त्या हसल्या. म्हणाल्या, "सर, काटा त्याईचा, वही त्याईची, आमचे नुसते हात." बत्तीस वर्षे मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले. वेतनाचे सिद्धान्त, श्रमाचे मूल्य, वस्तूची किंमत हे सारे फळ्यावर मांडले. परंतु मूल्याची चर्चा सुरू होण्याआधी परिमाण ठरावे लागते आणि ते ठरविणारा हात कोणाचा असतो, हा प्रश्न मी वर्गात एकदाही विचारला नव्हता, हे त्या बाईंच्या उत्तराने माझ्या ध्यानात आले.

आपल्याकडे जुन्या मापांविषयी लिहायचे म्हणजे एक ठराविक सूर लागतो. पायली गेली, चिपटे गेले, माणुसकी गेली, असा तो सूर. दुसरीकडे आपल्यापैकी अनेक प्रगतिशील मंडळींना दशमान पद्धती आली तेव्हाच हा विषय निकालात निघाला असे वाटते. दोन्ही समजुती मला अपुऱ्या वाटतात.

माझे बालपण भिवापुरात गेले, आणि ते साठच्या दशकातले. कायद्याने शेर-मण तेव्हा रद्द झालेले होते. शाळेत गुरुजी आम्हांला ग्रॅम-किलोग्रॅम पाठ करायला लावीत. घरी आल्यावर मात्र आजी धान्याच्या कोठीतून पायलीनेच ज्वारी काढी. फडताळात मापांची एक उतरंडच होती. सर्वांत मोठी पितळेची पायली, मग अधोली, शेर, आणि खाली लहान लहान होत गेलेली लोखंडी भावंडे. पुस्तकातले कोष्टक असे : दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. आमच्या पूर्व विदर्भात पायलीच्या वर कुडव येई. बोलीत त्याला कुडो म्हणतात, आणि वीस कुडवांची खंडी. किती पायल्यांचा कुडव धरायचा, हे मात्र मुलुखागणिक बदले. प्रत्येक माप खालच्याच्या दुप्पट असल्यामुळे अक्षरशत्रू माणसालाही हिशेब बोटांवर करता येई. अर्धा, पाव, अर्धपाव या निम्म्यानिम्म्याच्या गणितात दशांशचिन्हाची गरज पडत नाही.

वजनाची रीत वेगळी होती. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, ऐंशी तोळ्यांचा शेर. शेराचा सोळावा भाग छटाक, आठवा नवटाक, चौथा पावशेर. इंग्रजांनी १८३३ साली १८० ग्रेनचा रुपया आणि तोळा एकच ठरविल्यामुळे चांदीचा रुपया हेच खेड्यातले वजन झाले. तेल, तूप, हळद 'रुपयाभार', 'दोन रुपयेभार' अशी मागितली जात. ज्याच्या घरी ऐंशी रुपये असत त्याच्या घरी शेर असे. आणि ऐंशी रुपये कोणाच्या घरी असत, हे सांगावयास नको.

आता शिगेविषयी. माप काठोकाठ भरून वरून हात फिरवला की ते सपाट माप. काठाच्या वर धान्याचा शंकू उभा राहू दिला की ती शीग. 'शिगेला पोहोचणे' हा आपला वाक्प्रचार अर्थशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथातून आलेला नाही, तो खळ्यातून आला आहे. सेवानिवृत्तीनंतर मोकळा वेळ मिळाला तेव्हा आजीच्या पायलीचा मी एक प्रयोग केला. तीच ज्वारी सपाट भरून वजन केले, ते साडेतीन किलो भरले. शीग लावून केले, तीन किलो साडेआठशे ग्रॅम. म्हणजे सरळ दहा टक्क्यांचा फरक. माप हलवून, ठोकून भरले तर आणखी काही मूठ मावते. उंचावरून धार धरली तर दाणा दाबून बसतो, हळूच ओतला तर पोकळ राहतो. पायलीचे तोंड थोडे रुंद करून उंची तितकीच कमी केली, तर आत मावणारे धान्य तेवढेच राहते आणि शीग मात्र वाढते. म्हणजे एकच भांडे, एकच धान्य, आणि भरणाऱ्याच्या मनगटात दहा-पंधरा टक्क्यांचे राज्य.

हे राज्य कोणाचे होते? पेरणीच्या दिवसांत कुळाच्या घरी दाणा नसे. सावकाराकडून तो सवाईने किंवा दिढीने धान्य उचली. सवाई म्हणजे हंगामाला सव्वापट फेड, दिढी म्हणजे दीडपट. दहा पायल्या दिढीने उचलल्या तर सुगीला पंधरा पायल्या फेडायच्या. व्याज पन्नास टक्के, तेही सहा महिन्यांचे. पण देताना पायली सपाट आणि घेताना शिगेची असेल, तर त्या पंधरा पायल्या साडेसोळांच्या होतात आणि व्याजाचा दर पासष्टवर जातो. वरचे पंधरा टक्के कोणत्याही दस्तऐवजात नसतात. १८७५ साली पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली, पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्याला खताची छाननी करता येत होती. शिगेची कशी करणार? शीग तर कोठीत रिकामी होताच नाहीशी झालेली असे.

सावकाराच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो व तो प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. पेरणीला धान्य महाग असते, सुगीला स्वस्त. तेव्हा दीडपट धान्य परत आले तरी पैशाच्या हिशेबात त्याची किंमत दीडपट नसते. हे अर्थशास्त्रदृष्ट्या खरे आहे. पण ज्याला भावाच्या चढउताराची भरपाई हवी आहे, त्याने ती दरात उघडपणे मागावी. मनगटातून मागू नये.

आणि हा काही एखाद्या गावच्या लबाड सावकाराचा शोध नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांवर देखरेख करणारा पौतवाध्यक्ष नावाचा अधिकारी आहे, आणि त्याच प्रकरणात द्रोण या एकाच मापाची चार परिमाणे सांगितलेली आहेत. राजाच्या कोठारात जमा होणाऱ्या धान्याचा द्रोण दोनशे पलांचा, बाजारातल्या व्यवहाराचा साडेसत्याऐंशी अधिक शंभर पलांचा, नोकराचाकरांना वाटप करण्याचा एकशे पंच्याहत्तर पलांचा, आणि अंतःपुरातील वाटपाचा एकशे साडेबासष्ट पलांचा. शासन घेताना मोठ्या मापाने घेते आणि देताना लहान मापाने देते, हे येथे गुपित म्हणून नाही, नियम म्हणून लिहिलेले आहे. आमच्या प्राचीन वैभवाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे चार द्रोण विसरू नयेत. कौटिल्याचा प्रांजळपणा मात्र मान्य केला पाहिजे. आजचे अर्थसंकल्प इतके स्पष्ट नसतात.

युरोपातही हेच चालत होते. १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या उंबरठ्यावर गावोगावच्या तक्रारींच्या वह्या राजाकडे गेल्या, त्यांत ठिकठिकाणी एक मागणी आढळते : सर्वांना एकच माप असावे. ती शास्त्रज्ञांची हौस नव्हती. सरंजामदार आपल्या वाड्यातल्या मापाने खंड घेई आणि ते माप पिढी-दरपिढी फुगत जाई, याविरुद्धची ती शेतकऱ्याची ओरड होती. पोलंडचे इतिहासकार विटोल्ड कुला यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हा सारा इतिहास मांडला आहे. मीटर आणि ग्रॅम यांना कायद्याचे रूप आले ते १७९५ साली, राज्यक्रांतीच्या फ्रान्समध्ये. वर्गातील मुलांना मी दशमान पद्धती ही विज्ञानाची देणगी म्हणून शिकवीत असे. तिच्यामागे खंडकऱ्यांचा असंतोष होता, हे शिकविण्याचे राहून गेले.

आपल्या देशातला गोंधळ तर विचारूच नये. एकट्या मणाची गोष्ट घ्या. इंग्रजांच्या प्रमाण मणात चाळीस शेर, म्हणजे ३,२०० तोळे, सुमारे ८२ पौंड. मुंबईचा मण अवघा २८ पौंडांचा. स्वातंत्र्यानंतर नमुना पाहणी झाली, तिच्यात मणाचे वजन ठिकाणानुसार २८० तोळ्यांपासून ८,३२० तोळ्यांपर्यंत आढळले. मण या शब्दात जवळजवळ तीसपटींचे अंतर मावत होते. ज्याला दोन बाजारांतले माप माहीत, तो दलाल. ज्याला एकाच बाजारातले माहीत, तो शेतकरी. १८७१ साली इंग्रज सरकारने एक किलोग्रॅमचा शेर ठरविणारा कायदा केला होता, पण तो अंमलात आलाच नाही. पुढची पंच्याऐंशी वर्षे हा प्रश्न असाच पडून राहिला.

स्वतंत्र भारताच्या सरकारने तो सोडवला. नाणी १ एप्रिल १९५७ पासून दशमान झाली. वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला, ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने तो लागू होत गेला आणि १ एप्रिल १९६२ पासून मेट्रिक वजने सक्तीची झाली. कोट्यवधी निरक्षरांच्या देशात हे इतक्या थोड्या वर्षांत घडले, ही नियोजनाच्या काळातील एक मोठी व फारशी न गाजलेली कामगिरी आहे. आपण समाजवाद्यांनी त्या काळच्या शासनावर पुष्कळ टीका केली, बहुतेक योग्यच केली. पण या कामाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. शेर गेला आणि किलो आला तेव्हा भिवापूर ते भायखळा एकच वजन झाले, आणि दलालाच्या हातातले एक हत्यार गेले.

तरीही काही गमावले गेले, तेही सांगितले पाहिजे. पायली हे घरातले साधन होते. तराजू दुकानातले. पायली कुणाही गरिबाच्या घरी असू शकत होती. फार तर फुटक्या तळाची, डाग दिलेली. माप भरताना ते सर्वांच्या डोळ्यांसमोर भरे, आणि खळ्यात मोजणारा पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणून मोठ्याने मोजू लागे, तेव्हा भोवतालची पोरेसुद्धा मनात आकडा धरीत. काट्याचे तसे नाही. त्याचे पासंग ठीक आहे की नाही, वजनाच्या तळाचे शिसे काढले आहे काय, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. 'दांडी मारणे' हा शब्द तराजूबरोबरच आला.

सर्वांत मोठा फरक पडला तो बायकांना. माझी आजी घरच्या पैशाला कधी हात लावीत नसे, तो आजोबांच्या कनवटीला. पण कोठीतल्या धान्याची ती धनीण होती. कासार आला की ती पसाभर, मापटेभर ज्वारी देऊन बांगड्या भरी. मीठ, सुया-दोरा, नातवंडांसाठी गोड बोरे, हे सारे पदराखालच्या चिपट्यातून येई. नवरी लक्ष्मी म्हणून घरात येते तेव्हा उंबरठ्यावर तांदळाचे मापच ओलांडते. धान्यावरची तिची ती लहानशी सत्ता मापामुळे होती. पुढे दाणा काट्यावर गेला, काटा दुकानात गेला, दुकानदार रोख मागू लागला, आणि रोख पुरुषाच्या खिशात होती. दशमान पद्धतीचा हा हेतू नव्हता, आणि दोषही तिचा एकटीचा नव्हे. पण धोरण आखताना कोठीजवळ उभ्या असलेल्या बाईला कोणी विचारले नाही, हे खरे. त्या मापालाही भाबडेपणाने पाहू नये. कासाराला धान्याचा भाव ठाऊक असे, आजीला नसे. चार आण्यांच्या बांगड्यांसाठी तिने किती ज्वारी दिली असेल, याचा हिशेब करायला मी धजलो नाही.

ही झाली मागली कथा. आज प्रश्न संपला आहे काय? कापूस पाहा. शेतकऱ्याचा कापूस क्विंटलने विकत घेतला जातो. जिनिंगमधून बाहेर पडून तो रुई झाला की व्यापारी बाजारात त्याचा भाव खंडीने निघतो. ही खंडी मुंबईची, ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५६ किलोंची. १९६२ सालानंतर इतकी वर्षे उलटूनही वर्तमानपत्रात रुईचा भाव खंडीला अमुक हजार असा छापून येतो. सरकी वेगळी, रुई वेगळी, क्विंटल वेगळा, खंडी वेगळी. शेतकऱ्याने आपल्या कापसाचे त्यांतून काय झाले याचा ताळा बसवायचा म्हटले तर त्याला माझ्यासारखा निवृत्त प्राध्यापक शेजारी बसवून घ्यावा लागेल. सोन्याचा तोळा तर ११.६६ ग्रॅमचा होता, तो सराफांनी दहा ग्रॅमचा करून टाकला आणि नाव तेच ठेवले. मुलीच्या लग्नात 'पाच तोळे' कबूल करणाऱ्या बापाला यात थोडा दिलासा मिळाला असेल, एवढीच त्याची जमेची बाजू.

शीगही गेलेली नाही. तिने रूप पालटले आहे. बाजार समित्यांचे कायदे झाले, आपल्या राज्याचा १९६३ सालचा कायदा बऱ्याच अंशी कडता, धर्मादाय, नमुना अशा नाना नावांच्या कपातींना आळा घालण्यासाठीच होता. हमाल-मापाड्यांच्या कष्टालाही १९६९ च्या माथाडी कायद्याने काही प्रतिष्ठा मिळाली, त्यामागे बाबा आढावांसारख्यांच्या संघटनाकार्याची पुण्याई आहे. पण आता वजनाशेजारी ओलावा येऊन बसला आहे. कापसात आठ टक्क्यांच्या वर ओल निघाली की भावात कपात, बाराच्या वर गेली की सरकारी खरेदीत कापूस परत. सोयाबीनला बारा टक्क्यांची मर्यादा होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये, निवडणुकीच्या धामधुमीत, केंद्राने ती पंधरापर्यंत सैल केली. जी मर्यादा मतदानाच्या तोंडावर सैल होऊ शकते, ती निसर्गनियमाने ठरलेली नव्हती, इतके तरी त्यावरून सिद्ध झाले. ओलावा मोजणे गैर नाही. ओल्या मालाचे पाणी विकत घ्यावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ओलावामापक यंत्र घेणाऱ्याच्या हातात, ते नीट आहे की नाही हे तपासणारा कोणी नाही, आणि समोर ट्रॅक्टर भाड्याने आणलेला शेतकरी. दुधाच्या संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ मोजणाऱ्या यंत्रांची तपासणी व्हावी, ही दूध उत्पादकांची मागणी याच जातीची आहे. उसाच्या काट्याबद्दल तर बोलण्याचीच सोय नाही.

किराणा दुकानातला पाच रुपयांचा पुडा हा याच कथेचा नवा अध्याय. मध्ययुगीन इंग्लंडात १२६६ च्या सुमारास पावाविषयीचा कायदा झाला. त्यात पावाची किंमत ठरलेली असे आणि गव्हाच्या भावाप्रमाणे पावाचे वजन बदले. गहू महागला की पेनीचा पाव पेनीलाच मिळे, फक्त लहान मिळे. मात्र किती लहान व्हायचा हे कायद्याच्या कोष्टकात लिहिलेले होते. आज बिस्किटाचा पुडा पाच रुपयांचाच राहतो आणि आतली बिस्किटे कमी होत जातात. आणि कोष्टक कंपनीजवळ असते. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांत बिस्किटे, चहा, खाद्यतेल अशा एकोणीस वस्तू ठराविक मापांच्या पुड्यांतच विकल्या पाहिजेत असे बंधन होते. २०२१ च्या दुरुस्तीने ती अनुसूची काढून टाकण्यात आली आणि त्याऐवजी दर ग्रॅममागे, दर मिलिलिटरमागे किंमत छापण्याचे बंधन आले. ग्राहकाला माहिती दिली की तो स्वतःचे रक्षण करील, हा त्यामागचा सिद्धान्त. तो सिद्धान्त मीही शिकवीत होतो. पण पाच रुपयांच्या पुड्यावर ग्रॅममागची किंमत मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलेली असते, आणि पाच रुपयांचा पुडा घेणारा सहसा तोच असतो ज्याला दहा रुपयांचा परवडत नाही. मोठ्या पुड्यात तीच वस्तू स्वस्त पडते. गरीब माणूस लहान मापाने घेतो म्हणून महाग घेतो. नवटाकभर तेल घेणाऱ्या मजुराची साठ वर्षांपूर्वी हीच कहाणी होती.

२० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या बदलली. पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या धातूच्या ठोकळ्याऐवजी ती आता निसर्गाच्या एका स्थिरांकावर आधारलेली आहे. ठोकळ्याच्या वजनात कालांतराने केसाच्या अंशाएवढा फरक पडतो, तो कोणाला मान्य नव्हता. भिवापूरच्या रेशन दुकानात पाच किलोंत दोनशे ग्रॅम कमी येतात, त्याची चिंता वाहणारी आंतरराष्ट्रीय परिषद मात्र अद्याप भरलेली नाही. अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य मिळते, जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. फुकट मिळते म्हणून लोक कमी वजनाची तक्रार करीत नाहीत. जे फुकट आहे ते हक्काचे आहे, हे अजून आपण लोकांच्या मनात उतरवू शकलेलो नाही. त्यात दोष आपलाही आहे. अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र आणि वजनाचा काटा एकमेकांना जोडावेत यासाठी केंद्राने २०२१ साली नियमांत दुरुस्ती केली. अंगठा मात्र सगळीकडे लगेच जोडला गेला, काटा मागे राहिला. गरिबाची ओळख पटविण्याची जितकी घाई, तितकी त्याचे धान्य पुरते भरण्याची नाही.

कार्यकर्त्यांनी यावर मोर्चा काढावा असे मी सुचवीत नाही. मोर्चे आपण पुष्कळ काढतो. माझी सूचना अगदी लहान आहे. प्रत्येक तालुक्याच्या कार्यालयात पाच किलोचे एक लोखंडी वजन विकत घेऊन ठेवावे. वैध मापन खात्याकडून त्यावर शिक्का मारून घ्यावा, दर दोन वर्षांनी तो नवा करून घ्यावा. नियम तसाच आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी झाली पाहिजे, तिचे प्रमाणपत्र दुकानात आहे की नाही ते पाहावे. मग ते वजन पिशवीत घालून रेशन दुकानात, आठवडी बाजारात, बाजार समितीत, सातऱ्यावर जावे आणि सर्वांसमोर काट्यावर ठेवावे. काय आकडा येतो तो सर्वांनी वाचावा. भाषणाची गरज नाही. रोजगार हमीच्या कामांवर खड्ड्याचे माप टेपने स्वतः घ्यायला ज्या बाया आपल्या कार्यकर्त्यांकडून शिकल्या, त्यांनी पुढे अभियंत्याची मापे खोडून काढलेली मी पाहिली आहेत. वजनही त्या शिकतील. आणि काट्याचे आकडे मजुराच्या बाजूला तोंड करून असावेत, ही मागणी सातऱ्यांच्या मालकांकडे पहिल्याच दिवशी करता येईल. तिला एक पैसा लागत नाही.

परत निघताना मी हे त्या मावशींना सांगितले. त्यांनी हातातली मिरची खाली ठेवली, फडके नाकावरून खाली ओढले आणि म्हणाल्या, "अन् ते वजन आमाले काट्यावर ठेवू कोन देईन, सर?" मग पुन्हा खुडायला लागल्या. सातरे पुन्हा लागायला आता तीन महिने आहेत.